साहेबांवर उगवलेला सूर्य

आमच्या घरात दिव्यांचे दोन पंथ होते, एक बाबांचा आणि दुसरा आईचा, आणि डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत दोन्ही पंथांचे देव एकाच पलंगाखाली ठेवलेले असत. बाबा दिवसा ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करायचे. त्याला कुणी 'लाइट लावणं' म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. त्यांच्याकडे तीन जुने स्पॉट होते, साड्यांसारखे घडी न मोडता जपलेले जिलेटीनचे रंगीत कागद होते आणि स्वतःच्या हाताने बनवलेली डिमरची लाकडी पेटी होती. पेटीवर वरखाली सरकणाऱ्या दांड्या. त्यांच्यावर बोटं ठेवली की बाबा हार्मोनियमला बसल्यासारखे दिसायचे. जेवणाच्या जागेवरचा बल्बसुद्धा त्यांनी डिमरला जोडला होता. जेवताना गंभीर विषय निघाला की बाबा हळूच हात मागे नेऊन उजेड उतरवत. माझ्या बारावीच्या निकालावर आम्ही जवळपास अंधारात चर्चा केली. आई म्हणायची, "अहो, वाढवा जरा. भातातला खडा दिसत नाही मला." बाबा वाढवायचे, पण सावकाश, खडा नाट्यमय रीतीने प्रकट व्हावा अशा बेताने.

आईचा पंथ उशिरा स्थापन झाला. विठ्ठलवाडीला एक ऑर्केस्ट्रा पार्टी बंद पडली, तेव्हा तिचे एलईडीचे दिवे आईने उचलले. पातेल्याएवढे काळे गोल डबे, पुढून कमळाच्या फळासारखे भोकाभोकांचे, मागे एक इवलासा पडदा आणि चार बटणं. ते चालवायचा कन्सोल मात्र मिळाला नाही, तो म्हणे आधीच कुणीतरी नेला होता. आईने विचारलं, "मग हे चालवायचे कसे?" तर विकणारा म्हणाला, "ताई, कंट्रोलरचं टेन्शनच नको. ये खुद नाचता है." आणि खरोखरच ते नाचायचे. लाल, हिरवे, जांभळे, आपापल्या मनाने. आई ते हळदीला, डोहाळजेवणाला, गरब्याला भाड्याने द्यायला लागली आणि बघता बघता तिच्या दिव्यांना बाबांच्या दिव्यांपेक्षा जास्त मागणी आली. बाबांनी याचा सूड एका शब्दात घेतला. ते त्यांना 'नाचरे' म्हणत. "आज तुझे नाचरे कुठे चाललेत?" असं विचारताना ते ताटाकडे बघत असत.

घरात तिसरी सत्ता होती ती आत्याची. बाबांची मोठी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, लग्न केलं नव्हतं, आणि आयुष्यभर चारशे मुलींना एका रांगेत उभं करून झाल्यामुळे आमच्या चौघांच्या घरात तिला फारसं आव्हान उरलं नव्हतं. तिचं बोलणं शुद्ध आणि आवाज प्रार्थनेच्या मैदानाच्या मापाचा. आईच्या दिव्यांत एक सोय होती, आवाजावर चालण्याची. आत छोटा माइक असतो, ढोल वाजला की दिवा रंग बदलतो. एकदा मी तपासायला म्हणून चार दिवे त्या सोयीवर लावून स्वयंपाकघराच्या दारात ठेवले. आई सकाळी आंबोळ्या घालत होती, शेजारच्या शेगडीवर काळ्या वाटाण्यांचा कुकर. पहिली शिट्टी झाली आणि सगळं घर लाल झालं. दुसऱ्या शिट्टीला हिरवं. आंबोळी उलटताना तवा वाजला, निळं. आत्या बाहेर आली आणि आईला म्हणाली, "सुजाता, हा काय अत्याचार आहे?" तर 'सुजाता'ला पिवळं, 'काय'ला जांभळं आणि 'अत्याचार'ला पांढराशुभ्र लखलखाट. ती थांबली. घर शांत, निळसर. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "हे माझ्यामुळे होतंय का?" मी मान हलवली. त्यानंतर ते दिवे दारात आहेत तोवर आत्या कुजबुजत बोलायची. आईने ते आठवडाभर तिथून हलवू दिले नाहीत. मला विचाराल तर आमच्या घराच्या इतिहासातला तो सर्वांत सुखाचा आठवडा.

आता माझा मुलगा सोफ्यावर बसून फोनला सांगतो आणि घरातले दिवे लागतात. त्याला यात काही विशेष वाटत नाही. मी त्याला सांगते, आमच्याकडे हे फार पूर्वी होतं, फक्त फोनच्या जागी आत्या होती.

मी तेव्हा बी.कॉम. करत होते, म्हणजे मला भरपूर वेळ होता. त्या चार बटणांशी खेळता खेळता मला त्या दिव्यांचा स्वभाव कळायला लागला. दोन दिवे एकाच क्षणी चालू केले तर आधी बरोबर नाचायचे आणि गाणं संपेपर्यंत त्यांचं फाटलेलं असायचं, एक लाल तर दुसरा हिरवा. प्रत्येकाच्या आतलं घड्याळ आपापलं. पण दोघांना वायरने जोडलं, एकाच्या पडद्यावर 'मास्टर' निवडलं आणि दुसऱ्याच्या पडद्यावर 'स्लेव्ह', की पहिला जे करील तेच दुसरा त्याच क्षणी करायचा. मग दुसऱ्याला तिसरा जोडा, तिसऱ्याला चौथा. शहाणपण एकालाच, बाकीच्यांनी मागून जायचं. मी हे आईला कौतुकाने समजावलं, तर ती म्हणाली, "एवढं इंग्रजी कशाला? सासू-सुना म्हण की." तेव्हापासून आमच्याकडे वायरी जोडताना "सासू कोणती केलीस?" असंच विचारलं जाई. पुढे मला आणखी एक गोष्ट सापडली. सासूच्या डोक्यात आपला स्वतःचा कार्यक्रम भरता येतो. कुठला रंग, किती वेळ, त्यातून पुढच्या रंगात किती हळू जायचं, असं एकेक करून बटणांनी भरायचं. मग वीज दिली की तो सुरू, संपला की पुन्हा पहिल्यापासून. मी बाबांना दाखवायला गेले. ते म्हणाले, "म्हणजे नट काय करतोय हे त्याला दिसत नाही."

"नाही."

"मग तो प्रकाश नाही, ते पंचांग आहे," असं म्हणून ते पेटी पुसायला लागले.

त्याच सुमारास दिवा गावात भाऊ नावाच्या बिल्डरांनी सांस्कृतिक भवन बांधलं. दिवा स्टेशनच्या पलीकडे, जिथे पाण्याचा टँकर आला की इमारतीच्या इमारती हंडे घेऊन खाली उतरतात, तिथे एवढं मोठं नाट्यगृह कशासाठी, असं लोक विचारत होते. भाऊ मूळ गावचे, त्यांच्या आज्याचं मिठागर होतं. त्या मिठागरावर भराव घालून भाऊंनी आधी इमारती केल्या आणि आता संस्कृती करायला घेतली होती. उद्घाटनाला 'आपल्या मातीतलं' नाटक हवं, असा त्यांचा आग्रह होता. बाबांच्या मंडळाची एक एकांकिका होती: एक म्हातारा मिठागराच्या बांधावर बसून रात्रभर मुलाची वाट बघतो आणि उजाडताना त्याला कळतं की मुलगा येणार नाही. ती लिहिणाऱ्याने मिठागर पाहिलं नव्हतं आणि म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या वसंतकाकांनी तर मीठसुद्धा डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडलं होतं. पण मिठागर हा शब्द ऐकून भाऊंनी तिथल्या तिथे होकार दिला. बाबांना म्हणाले, "आमचे गावान असा नाटक कवा झालाच नाय. तुमी करा. लाइट-बिट सगला फॉरेनचा लावलाय." आईलाही बोलावणं होतं, स्वागताच्या नाचाला तिचे नाचरे लागणार होते.

बाबा महिनाभर हवेत होते. त्या एकांकिकेच्या शेवटची पहाट त्यांना आयुष्यभर मनासारखी करता आली नव्हती. तीन स्पॉट आणि जिलेटीन यांतून जे उगवायचं त्याला प्रेक्षक सूर्य म्हणायचे ते केवळ सभ्यतेपोटी. एका स्पर्धेत तर परीक्षकांनी विचारलं होतं की शेवटी आग लागते का. आता त्यांना खरा रंगमंच मिळणार होता, छतभर दिवे आणि भलामोठा कन्सोल. रात्री जेवताना ते बल्ब इतका हळू चढवत की आमची जेवणं होईपर्यंत उजाडत नसे.

उद्घाटनाच्या दुपारी आम्ही सगळे दिव्याला पोहोचलो, तर कन्सोलवर पिवळं वस्त्र टाकलेलं, वर झेंडूचा हार. भाऊंचे व्यवस्थापक म्हात्रे, हातात तीन फोन असलेला इसम, आडवे आले. "हात नाय लावायचा. संध्याकाळी साहेबांच्या हस्ते बटण दाबायचंय." हे साहेब म्हणजे ठाण्याहून येणारे प्रमुख पाहुणे. बाबांनी नम्रपणे सांगितलं की तालीम करायची तर कन्सोल लागेल. म्हात्रे म्हणाले, "तालीम त्याच्याशिवाय करा. मेन टायमाला वापरा." हा वाद चालू असतानाच भटजी आले. पूजा झाली, हळदकुंकू बटणांवर वाहिलं गेलं, आणि मग नारळ. समोर पायरी होती, दगड होता, सबंध सिमेंटचं भवन होतं. पण ज्याची पूजा त्याच्यावरच वाढवायचा, असं म्हात्र्यांचं मत पडलं, आणि त्यांनी कन्सोलच्या लोखंडी कडेवर नारळ हाणला. नारळ चांगला भरलेला होता. पाणी दांड्यांच्या फटींतून आत उतरलं, कन्सोलचा पडदा एकदा हिरवा झाला, त्यावर काही अगम्य अक्षरं आली आणि तो कायमचा मिटला. छतावरचे सगळे फॉरेनचे दिवे जागच्या जागी मान खाली घालून उभे राहिले. म्हात्र्यांनी हार सरळ केला आणि पिवळं वस्त्र पुन्हा टाकलं. "बटण दाबायला काय प्रॉब्लेम नाय," ते म्हणाले. "दाबलं तर जाईलच ते."

बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसले. त्यांची लाकडी पेटी घरी राहिली होती, त्यांनीच मुद्दाम आणली नव्हती. आईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला, तो त्यांनी धरून ठेवला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "बाबा, नाचऱ्यांत भरू या का पहाट?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला काय काय लागेल?"

"तुम्ही रंग सांगा, मी आकडे घालते."

स्वागताचा नाच आईने दोनच दिव्यांत भागवायचं कबूल केलं. बाकीचे आम्ही रंगमंचाच्या एका बाजूला उंच बांधले, सूर्य एका बाजूने यावा म्हणून. वायरींनी एकापुढे एक जोडले, एकाला सासू केलं आणि मी शिडीवर चढून तिच्या बटणांशी बसले. बाबा खाली उभे. "सुरुवातीला रात्र," ते म्हणाले. "पण काळोख नाही. रात्रीला थकवा आलेला असतो तो निळा."

"थकलेला म्हणजे किती, बाबा?"

"किती म्हणजे?"

"शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत काहीतरी सांगा."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना शोकाचं वजन किलोत विचारलं होतं. मग डोळे मिटून म्हणाले, "चाळीस." मी चाळीस घातले. त्यांनी डोळे उघडले, बघितलं आणि पुटपुटले, "तीस." तिथून गाडी चालू लागली. 'संकोचलेलं नारिंगी' झालं, 'शेजारच्या घरात कुणीतरी उठल्यासारखा पिवळा' झाला. त्या पिवळ्यापाशी आमचं भांडण झालं, कारण मला तो पिवळा माहीत होता आणि त्यांना वाटत होता त्याहून तो जास्त हिरवट होता. शेवटी माझा राहिला. आई खालून मधूनमधून म्हणे, "छान दिसतंय," आणि आम्ही दोघंही तिच्याकडे दुर्लक्ष करत होतो. ती दुपार आठवली की मला अजून गंमत वाटते. एका घरात वीस वर्षं राहून बाबा आणि मी एवढा वेळ एका विषयावर कधी बोललो नव्हतो.

आता प्रश्न वसंतकाकांचा. कार्यक्रम एकदा सुरू झाला की तो कुणासाठी थांबणार नव्हता. शेवटचं स्वगत सूर्य पूर्ण वर येण्याच्या आत संपायला हवं होतं, नाहीतर पुन्हा रात्र पडणार. आणि वसंतकाका तर विरामांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या एका विरामात लोक बाहेर जाऊन वडापाव खाऊन येत, अशी मंडळात बोलवा होती. बाबा त्यांना म्हणाले, "वसंता, आज दिवा तुझ्यासाठी थांबणार नाही. तुला त्याच्याबरोबर जावं लागेल."

वसंतकाकांनी छाती भरून घेतली. "पस्तीस वर्षं मी रंगमंचावर आहे. एका डब्याच्या तालावर बोलू?"

"वाक्य अडलं तर निळ्याकडे बघ. निळा आहे तोवर रात्र आहे."

"मी बघेन," वसंतकाका म्हणाले, म्हणजे ते बघणार नव्हते.

बाबांचं काम उरलं एकच. दिव्यांचा मेन स्विच पाठीमागच्या बोळात होता, तिथून रंगमंच दिसत नव्हता. शेवटचा प्रवेश सुरू होताच मी विंगेतून हात करायचा आणि बाबांनी खटका दाबायचा. ज्या माणसाची बोटं जन्मभर दांड्यांवर खेळली त्याच्या वाट्याला एक खटका आला. त्यांनी तो दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे."

साहेब वेळेवर आले नाहीत. स्वागताचा नाच झाला, भाऊंचं भाषण झालं, मग लोक कंटाळतील म्हणून म्हात्र्यांनी नाटक सुरू करायला सांगितलं. हॉलच्या साध्या ट्यूबलाइटवर पहिले प्रवेश रेटून नेले. शेवटचा प्रवेश आला, ट्यूब विझल्या, वसंतकाका बांधावर जाऊन बसले, मी हात केला, आणि तो थकलेला निळा रंगमंचावर असा उतरला की समोरची कुजबुज थांबली. वसंतकाकांनी पहिलं वाक्य घेतलं. "येईल तो..." आणि विराम. त्याच विरामात हॉलचा दरवाजा उघडला, फटाक्यांचा आवाज आत आला, आणि साहेब आले.

पुढचं सगळं फार झटपट झालं. म्हात्रे माइक घेऊन थेट बांधावर चढले. शाली आल्या, पुष्पगुच्छ आले, फोटोवाला आला. मी बोळात धावले आणि बाबांना म्हणाले, "बंद करा, नंतर पुन्हा पहिल्यापासून लावू." बाबांनी खटक्याकडे हात नेला, तर म्हात्र्यांचा माणूस मध्ये आला. "साहेब स्टेजवर असताना एक पण लाइट विझायचा नाय. भाऊंची ऑर्डर आहे. उलट ट्यूबा लावा."

बाबांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "ट्यूबा लावल्या तर लोड वाढेल. माइक जाईल."

माइक जाईल म्हटल्यावर तो माणूस दोन पावलं मागे सरकला. बाबा माझ्या माहितीत तेव्हा प्रथमच धडधडीत खोटं बोलले, तेही इतक्या चांगल्या उच्चारात.

मी परत विंगेत आले. साहेबांच्या खांद्यावर शाल पडत होती आणि बरोबर त्याच वेळी संकोचलेलं नारिंगी त्यांच्या डाव्या गालावर आलं. शेजारच्या घरात कुणीतरी उठलं. मग सोनेरी, मग लख्ख. श्रीफळ हातात येईपर्यंत साहेबांच्या पाठीमागे सूर्य पूर्ण उगवलेला होता. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी हात जोडले, त्यांना हे सगळं त्यांच्यासाठीच योजलेलं वाटलं, आणि भाऊंकडे कौतुकाने पाहिलं. भाऊंनीही ते स्वीकारलं. वसंतकाका मात्र अजून बांधावर बसलेलेच होते. त्यांना कुणी उठ म्हटलं नव्हतं, आणि स्वतःहून रंगमंच सोडण्याची त्यांना सवय नव्हती. एका कार्यकर्त्याने ज्येष्ठ नागरिक समजून एक शाल त्यांनाही घातली.

साहेब माइकशी आले. "आज या दिव्यामध्ये," ते म्हणाले, "विकासाची नवी पहाट होत आहे," आणि रात्र पडली. कार्यक्रम संपून पहिल्यापासून सुरू झाला होता. साहेबांचा चेहरा निळा झाला. त्यांनी माइक ठोकून पाहिला, तो चालू होता. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. म्हात्रे बोळाकडे धावले. मला नंतर कळलं की बाबा दोन्ही हात वर करून भिंतीला टेकून उभे होते. "मी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं." इकडे साहेब मुरलेले. ते म्हणाले, "अंधार कितीही असो, आपण थांबणार नाही," आणि बोलत राहिले. बघता बघता पुन्हा उजाडायला लागलं. लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या, साहेबांना जोर चढला, त्यांनी पाण्याच्या लाइनचं वचन दिलं, उड्डाणपुलाचं दिलं, हात उंचावून म्हणाले, "हा सूर्य आता मावळणार नाही," आणि तो मावळला. या वेळी अख्खा हॉल हसला. साहेबांनी एकदा वर पाहिलं, एकदा भाऊंकडे पाहिलं, "पुढचा कार्यक्रम आहे," असं म्हणून नमस्कार केला आणि पायऱ्या शोधत उतरायला लागले.

आणि त्या निळ्यात वसंतकाकांचा आवाज आला. "येईल तो. रात्र मोठी आहे."

त्यांनी कुणाच्या सूचनेची वाट पाहिली नाही. अंगावरची ती फुकटची शाल त्यांनी घट्ट लपेटून घेतली, जणू खाडीवरचा वारा लागतोय. मी त्यांचं ते स्वगत कितीदा ऐकलं होतं, त्यातले विराम मला पाठ होते, आणि आता ते एकेक विराम सोडत चालले होते. नाही, सोडत नव्हते. ते निळ्याकडे बघत होते. निळा जरा सैल झाला की ते एक वाक्य टाकत आणि पुन्हा थांबत, नेमकं तेवढंच. नारिंगी आलं तेव्हा ते बोलायचे थांबले आणि बांधावरून दूर कुठेतरी बघत राहिले. पिवळा आला. त्यांच्या तोंडावर आशा आली आणि मग ती जाताना दिसली, अगदी हळू, दिव्याच्याच वेगाने. "उजाडलं," ते म्हणाले. सूर्य वर आला आणि पडदा पडला. साहेब दारापाशी थांबून उभ्यानेच बघत होते, त्यांची माणसं त्यांच्या मागे अडकलेली.

पडदा पडल्यावर भाऊ विंगेत आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते वसंतकाकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माजा आजा असाच बसाचा बांधाव." मग थोडं थांबून, "पन तो उजारला का कामाला लागाचा. असा बोलत नाय बसाचा." आणि डोळे पुसत निघून गेले. वसंतकाकांना ही स्तुती की टीका हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढे साहेबांच्या कार्यालयातून आईला फोन आला. माजिवड्याला साहेबांचा वाढदिवस होता आणि त्यांना तोच सूर्य हवा होता, फक्त रात्र नको. बाबा म्हणाले, "रात्रच नसेल तर सूर्य लागतो कशाला?" आई म्हणाली, "आपल्याला नाही लागत, साहेबांना लागतो." मी सासूच्या डोक्यातली रात्र पुसली आणि कधीच न मावळणारा, एका जागी उभा राहून लोकांच्या डोळ्यांत जाणारा सूर्य भरून दिला. तो फार लोकप्रिय झाला. त्या भागातल्या बऱ्याच जणांवर आम्ही तो उगववला. भवनातला कन्सोल दुरुस्तीला गेला तो गेलाच. पिवळं वस्त्र मात्र त्या टेबलावर कितीतरी दिवस होतं, आणि नवे लोक त्याला नमस्कार करत.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी दिवे सोडवायला भवनात गेलो होतो. रिकाम्या हॉलमध्ये एक बाई केर काढत होत्या, खुर्च्यांखालून फुलं आणि बिस्किटांचे कागद निघत होते. मी शिडी लावली, तेव्हा बाबा म्हणाले, "कसा होता गं?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. तिन्ही वेळा सूर्य उगवला तेव्हा ते बोळात होते, खटक्यासमोर. त्यांनी दुपारी तुकड्या-तुकड्यांत पाहिला होता तेवढाच. सलग, पहिल्या निळ्यापासून, त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

"बसा," मी म्हणाले.

ते मधल्या रांगेत जाऊन बसले. मी हॉलचे दिवे घालवले आणि बोळात जाऊन खटका दाबला. परत आले तेव्हा रंगमंचावर रात्र होती. बांध नव्हता, म्हातारा नव्हता, नुसत्या फळ्या आणि त्यांच्यावर तो निळा. केर काढणाऱ्या बाई झाडू धरून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "शो हाय का आज?"

"आहे," बाबा म्हणाले. "बसा ना."

त्यांनी झाडू खुर्चीला टेकवला आणि बाबांच्या मागच्या रांगेत बसल्या. हळूहळू उजाडायला लागलं.